सव्वीस नको

बेत्साबे तिकोना इटलीतल्या पहिल्याच परीक्षेत पास झाली, हेच तिचं दुर्दैव. नापास झाली असती तर पुन्हा बसता आलं असतं. पण ती पास झाली, तीसपैकी एकोणीस गुण मिळवून, आणि वर मास्तरांचे आभार मानून आली.

जेनोवाच्या विद्यापीठात परीक्षा तोंडी. मास्तर टेबलाच्या पलीकडे, विद्यार्थी अलीकडे, आणि मागच्या बाकांवर ज्याला यायचं त्याने यावं, ऐकावं, दाराला कडी नसते. बेत्साबे आली होती बोलिव्हियातून, ला पाझच्या डोंगरउतारावरच्या एका वस्तीतून. तिकडचा रिवाज असा की गुरुजींनी विचारलं तेवढंच सांगायचं, मान खाली ठेवायची आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघायची. भूजलाच्या परीक्षेत तिने तेच केलं. प्रत्येक प्रश्नाला एक वाक्य, नेमकं आणि बरोबर, आणि मग शांतता. इटालियन माणसाला शांततेची भीती वाटते. त्यांच्यात ज्याला काही येत नाही तोसुद्धा हातवारे करत वीस मिनिटं बोलतो, आणि जो बोलत नाही त्याच्याकडे काही नाहीच असं धरून चालतात. मास्तरांनी थोडी वाट पाहिली, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "एकोणीस. चालतील?"

मोठ्या माणसाने देऊ केलेलं नाकारायचं नसतं. चालतील म्हणाली. मास्तरांनी आकडा नोंदवला, तो कायमचा.

बाहेर एदोआर्दो नावाचा वर्गमित्र भिंतीला टेकून उभा होता. त्याने आकडा ऐकला आणि विचारलं, की मग नकार का नाही दिलास? त्याने स्वतः याच विषयात दोनदा नकार दिला होता, एकदा बावीसला, एकदा पंचविसाला. गुण पसंत नसले तर 'नको' म्हणायचं, उठायचं, पुढच्या तारखेला पुन्हा यायचं. सगळेच तसं करतात. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, कारण हेही सांगावं लागतं असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बेत्साबेला हसावं की रडावं कळेना. तिची आई, दोन्या एउलोहिया, म्हणजे एउलोहियाबाई, गेली तीस वर्षं गल्लीच्या कोपऱ्यावर बटाटे विकत होती. पहाटे ट्रक आला की ही बाई भाव ऐकून पाठ फिरवी, दहा पावलं चालून जाई, आणि ट्रकवाला हाका मारत मागे येई. अशा बाईची लेक समुद्र ओलांडून आली आणि पहिल्या भावाला हो म्हणून बसली.

ती राहायची सिन्योरा जिनेत्ता कानेपाकडे. जिनेत्ता एकोणऐंशी वर्षांची, बाजारात सेहेचाळीस वर्षं भाजीचा गाळा चालवलेली. आता गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. घरात रात्री कुणीतरी असावं म्हणून तिने विद्यार्थिनी ठेवून घेतली होती. घर ओरेजिनाच्या चढावर. रस्ता इमारतीच्या पाचव्या मजल्याला लागतो आणि तिथून दोन मजले उतरून घरात जायचं. बेत्साबेला त्याचं काही वाटलं नाही. ला पाझला तिच्या छपरावर वरच्या शेजाऱ्यांच्या कोंबड्या फिरत.

संध्याकाळी तिने जिनेत्ताला सगळं सांगितलं. जिनेत्ता बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"पहिला भाव कोण देतं माहीत आहे? पर्यटक," ती म्हणाली.

मग तिने अर्धा तास कुरकुर केली. जेनोवाचा माणूस कुरकुर करतो तेव्हा त्याचा तुमच्यावर जीव असतो, गप्प झाला तर घाबरायचं. कुरकुरीचा मथितार्थ असा, की पोरगी हुशार आहे पण मुखदुर्बळ आहे, आणि बोलणाऱ्याची मातीही विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही. शेवटी तिने विचारलं, की एवढ्या लांब येऊन तू शिकतेस तरी काय?

"डोंगर का घसरतो ते," बेत्साबे म्हणाली.

हे तिने अनेकांना सांगितलं होतं. पण त्यामागची गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर आली. ती सोळा वर्षांची असताना, दोन गल्ल्या खाली राहणाऱ्या तिच्या धर्ममातेच्या, म्हणजे बाप्तिस्म्यातल्या मानलेल्या आईच्या, घरात जमिनीला भेग पडली होती. कुठून तरी एक अभियंता आला. त्याने मोजमाप केलं, उताराचं स्थैर्य, सुरक्षितता गुणांक असं बरंच काही सांगितलं आणि कागद ठेवून गेला. धर्ममातेने त्याला खुर्ची पुसून दिली. बेत्साबे सरबताचा ग्लास घेऊन शेजारी उभी होती. तो बोलत होता तेव्हा सगळ्या माना हलत होत्या आणि कुणालाच काही कळत नव्हतं. घर सोडायचं की नाही, एवढं एक विचारायला हवं होतं. शिकलेल्या माणसाला उलट प्रश्न कसा विचारायचा, म्हणून कुणी विचारलं नाही. अकराव्या दिवशी उतार खाली आला. धर्ममाता त्यानंतर तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्याखाली सापडली.

"मीही मान हलवली होती," बेत्साबे म्हणाली. "शाळेत पहिली यायचे मी. मला कळलंय असं त्यांना वाटावं म्हणून."

जिनेत्ता पुन्हा बटाटे सोलायला लागली आणि साल जरा जाडच काढली.

आता बेत्साबेपुढे काय होतं ते सांगायला हवं. उतार आणि दरडी हा विषय प्रोफेसर कोस्तांत्सा फेर्रांदो शिकवायच्या. बुटक्या, पायात बारा महिने डोंगरात चालायचे बूट, आणि शहराच्या मागचा एक सरकता उतार आठ वर्षं मोजत बसलेल्या. प्रबंधासाठी वर्षाला एकच विद्यार्थी त्या उतारावर घ्यायच्या, आणि त्यांच्या विषयात सत्ताविसाच्या खाली असलेल्याला दारातही उभं करायच्या नाहीत. बेत्साबे आली होती ती त्या उतारासाठी. बाकीची पदवी तिला ला पाझलाही मिळाली असती.

फेब्रुवारीपासून जिनेत्ताच्या स्वयंपाकघरात शिकवणी लागली. कोण कुणाला शिकवतंय हे मात्र ठरवणं अवघड होतं. जिनेत्ता पावट्याच्या शेंगांसारख्या जाड शेंगा सोलत बसे आणि बेत्साबेने त्या दिवशी वाचलेलं तिला समजावून सांगायचं. नियम एकच, की थांबायचं नाही. बेत्साबे एका वाक्यावर थांबली की जिनेत्ता म्हणे, "गिऱ्हाईक चाललं हं." आणि एखादी गोष्ट कळली नाही की ती सरळ म्हणे, "कळलं नाही. पुन्हा." पहिल्या आठवड्यात ती दिवसाला वीसदा म्हणाली. बेत्साबे खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून दोनदा रडली, आणि दोन्ही वेळा तोंड धुऊन परत आली.

मार्चमध्ये एकदा विषय निघाला मातीत मुरलेल्या पाण्याचा. मातीचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यांच्यामधल्या पाण्याला वाट मिळाली नाही की ते कणांना आतून ढकलतं, आणि पकड सुटते. जिनेत्ता म्हणाली कळलं नाही. बेत्साबेने खिडकीतून मागच्या बागेच्या उंच दगडी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीच्या पायाशी ओळीने भोकं होती, आणि एकूणएक भोकात चिंध्या कोंबलेल्या.

चिंध्या कुणी कोंबल्या? जिनेत्तानेच, उंदीर येतात म्हणून, वीस वर्षांपूर्वी. बेत्साबेने सांगितलं, की ही भोकं म्हणजे भिंतीचं नाक आहे, आणि तुम्ही ते वीस वर्षं दाबून धरलंय. त्यावर जिनेत्ता चिडली. उंदीर तू पकडणार का, म्हणाली. भिंत तुझ्या आजोबांनी बांधली का, म्हणाली. जेवण होईपर्यंत चिडलेलीच होती. दुसऱ्या दिवशी बेत्साबे वर्गातून परतली तेव्हा म्हातारी बागेत स्टुलावर बसून झाडूच्या दांड्याने चिंध्या उकरत होती, आणि तिच्या चपलांवरून गढूळ पाणी वाहत होतं.

"बोलत काय बसलीस? दुसरा झाडू आण," ती म्हणाली.

जूनमध्ये परीक्षा आली. बेत्साबे बोलली. हात आधी टेबलाखाली होते, ते वर आले. फेर्रांदोबाईंनी तीन प्रश्न विचारले, दोन छान गेले, तिसऱ्यात आकडेमोड अडकली आणि ती सुटेपर्यंत पाच मिनिटं गेली. बाईंनी चष्मा काढला. "सव्वीस. घेता?"

एक गुण कमी.

इथे एक अडचण होती आणि ती साधी नव्हती. बेत्साबेच्या शिष्यवृत्तीची अट अशी, की दहा ऑगस्टच्या आत ठरावीक क्रेडिट पदरात पडली पाहिजेत. या विषयाची क्रेडिट मिळाली तरच तिचा आकडा भरत होता. सव्वीस घेतले तर शिष्यवृत्ती पक्की, पदवी पक्की, पण तो उतार गेला. सव्वीस नाकारले तर जुलैची एकच तारीख उरत होती. त्यात घसरली तर शिष्यवृत्तीही गेली आणि बॅग भरून घरी. मागे बसलेल्या एदोआर्दोने मानेनेच खूण केली, घे.

बेत्साबेच्या तोंडातून आभार बाहेर पडायच्या बेतात होते, लहानपणापासूनची सवय. तिने ते गिळले.

"नको," ती म्हणाली. "मी जुलैत येते."

घरी जिनेत्ताने शाबासकी द्यायची, तर तिने कपाळाला हात लावला. सव्वीस म्हणजे काय वाटेवर पडलेत का, हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे कुणी लागतं का, असं ती जेवण वाढेपर्यंत बोलत राहिली.

"तुम्हीच म्हणालात पहिला भाव घ्यायचा नाही," बेत्साबे म्हणाली.

"मी एकोणिसाबद्दल म्हणाले होते! तुला घरी पाठवलं तर?"

तेव्हा बेत्साबेला कळलं की म्हातारी घाबरली आहे, आणि ती परीक्षेला घाबरलेली नाही. तिने जिनेत्ताच्या वाटीत आपल्या हाताने सार वाढलं. म्हणाली, की मला पदवी मिळेल हो, पण ज्या कामासाठी आईने मला पाठवलं ते काम राहून जाईल, आणि तसं परत जायला मला लाज वाटेल. जाईन तर उतार शिकूनच जाईन. जिनेत्ताने सार भुरके मारत संपवलं. मीठ कमी आहे म्हणाली.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा दोन्या एउलोहियाने एवढंच विचारलं, की दहा पावलं चाललीस तेव्हा मागे वळून पाहिलंस का? नाही, बेत्साबे म्हणाली. मग ठीक आहे, आई म्हणाली, अभ्यासाला बस.

पुढचे चोवीस दिवस तिने दुसरं काही केलं नाही. वर्गातली सगळी समुद्रावर जायची, केसांत वाळू घेऊन परतायची. ही सकाळी आकडेमोड, दुपारी आकडेमोड, संध्याकाळी जिनेत्तापुढे बोलणं. जिथे जूनमध्ये अडकली होती ते गणित तिने इतक्या वेळा सोडवलं, की शेवटी जिनेत्ताच म्हणाली, आता हे मलाही येतं, दुसरं काढ.

जुलैच्या परीक्षेला जिनेत्ता स्वतः आली. घरातून दोन मजले चढली, बसने खाली शहरात आली, खांद्याला पिशवी, अंगात चर्चला जायचा निळा झगा. मागच्या बाकावर बसली आणि शेजारच्या मुलाला पाय नीट ठेवायला सांगितलं. परीक्षा सगळ्यांना उघडी असते हे तिला बेत्साबेनेच सांगितलं होतं, त्यामुळे आता तिला हाकलणार कोण?

"तुम्ही परत आलात," फेर्रांदोबाई म्हणाल्या. सव्विसाला नाही म्हणणारे त्यांच्या लक्षात राहतात, आणि ते विद्यार्थ्याला परवडतंच असं नाही. पहिला प्रश्न त्यांनी अवघड विचारला, दुसरा त्याहून. बेत्साबेने दोन्ही सोडवले, फळ्यावर, बोलत बोलत. मग बाईंनी एक छायाचित्र पुढे सरकवलं. उतार, त्यावर वीसेक घरं, एका ठिकाणी झाडं तिरकी झालेली.

बेत्साबेने माती सांगितली, थर सांगितले, पाणी कुठून येत असावं ते सांगितलं, घसरणीची रेघ कुठून जाईल ती बोटाने काढून दाखवली. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी छायाचित्र उलटं करून ठेवलं.

"हे मला कळलं. पण त्या घरांत मी राहत नाही. राहतात त्यांना काय सांगाल?"

एवढा सोपा प्रश्न त्या खोलीत त्या दिवशी दुसऱ्या कुणाला विचारला गेला नव्हता. बेत्साबेला पुढ्यात धर्ममातेची पुसलेली खुर्ची दिसली. ती बोलायची थांबली. मागे जिनेत्ताने पिशवीचा बंद घट्ट धरला, पण तोंड उघडलं नाही.

"मी आधी सांगेन, घर सोडा," बेत्साबे म्हणाली. "आज सोडा. कारण नंतर सांगेन. कारण सांगत बसले तर ते माझ्याकडे बघत मान हलवतील. मग झाडं दाखवेन, कुठल्या बाजूला कलली ते त्यांच्याच तोंडून म्हणवून घेईन. आणि निघण्यापूर्वी विचारेन, मी काय सांगितलं ते मला सांगा. त्यांना सांगता आलं नाही, तर चूक माझी. मी पुन्हा सांगेन."

फेर्रांदोबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "अठ्ठावीस. घेता?"

बेत्साबेने उत्तर द्यायला वेळ घेतला. खरं तर ती मोजत होती, सत्ताविसाच्या वर अठ्ठावीस येतात ना, याची खात्री करत होती. मागच्या बाकाला मात्र वाटलं, हिचा पुन्हा नाही म्हणायचा विचार आहे.

"घे गं बाई, घे," जिनेत्ता म्हणाली. सगळी खोली हसली, फेर्रांदोबाईसुद्धा.

"घेते," बेत्साबे म्हणाली.

"सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी उतारावर भेटू. बूट चांगले घ्या," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्याचं नाव पुकारलं.

दुपारी तीनला, जिनेत्ताबरोबर चालत परतताना, तिने आईला फोन लावला. ला पाझला सकाळचे नऊ वाजले होते, आई गल्लीच्या कोपऱ्यावर गोणी मांडून बसलेली. गुण ऐकून आई खूश झाली, पण मालाच्या घाईत होती. इकडचं तिकडचं सांगू लागली. वरच्या अंगाच्या फ्लोरेन्सियोच्या घराचं दार गेल्या रविवारपासून लागत नाही, चौकटीत अडकतं, तो सकाळपासून सुतार शोधत फिरतोय, तुझ्या मामाला विचारू का म्हणत होता.

बेत्साबे चालता चालता थांबली.

"शेजारच्या घराचं दार?" तिने विचारलं.

तेही जरा कुरकुरतंय, आई म्हणाली. थंडीत लाकूड आखडतं. तिकडे जुलै म्हणजे ऐन कोरडा हिवाळा. बेत्साबेने विचारलं, की आपल्या घराची मागची भिंत कोरडी आहे का. आई म्हणाली, नाही गं, ओल आहे खाली, महिना झाला. आणि पाऊस? जुलैत कुठला पाऊस, आई म्हणाली, चार महिन्यांत थेंब नाही. अंगणात भेग आहे का? आईने गोण्यांवर बसलेल्या कुणाला तरी विचारलं. आहे. किती? बोट जातं.

जिनेत्ता दोन पावलं पुढे जाऊन मागे वळून उभी राहिली होती. बेत्साबेने तिच्याकडे पाहिलं नाही.

"आई, सुतार नको. ती दोन्ही घरं रिकामी करा. आपलंही. आज."

"तू तिथे बसून कसं सांगतेस?"

"पाऊस नाही आणि भिंत ओली आहे, म्हणजे वर कुठेतरी नळ फुटलाय आणि पाणी डोंगराच्या पोटात जातंय. दारं अडकतात ती घरं वाकडी होतायत म्हणून. मी काय सांगितलं ते सांग बघू."

आईने सांगितलं. नळ फुटलाय, पाणी पोटात जातंय, घरं वाकडी होतायत, आज निघायचं.

"आणि काहीच पडलं नाही तर?" आई म्हणाली. "फ्लोरेन्सियो जन्मभर हसेल तुला."

"हसू दे. मी येईन तेव्हा त्याच्या दारात उभी राहून माफी मागेन. दार लागत असलं तर."

आईने फोन बंद केला नाही, बटाट्यांवर ठेवला असावा. मग तिची हाक ऐकू आली, तीस वर्षं भाव पुकारलेल्या गळ्याची. ती फ्लोरेन्सियोला हाक मारत होती, मग त्याच्या बायकोला, मग शेजारच्यांना. कुणीतरी काय झालं विचारलं. आई म्हणाली, माझ्या लेकीने सांगितलंय, निघा. कुणीतरी का म्हणून विचारलं, तेव्हा आईने नळापासून दारापर्यंत सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. विचारणारा पुन्हा म्हणाला, कळलं नाही. आईने त्याला पुन्हा सांगितलं.